बाईंचा स्वच्छ आवाज

गटात त्याला सगळे कात्री म्हणत. खरं नाव विचारायची कुणाला गरज पडली नाही, आणि आपणहून सांगावं इतका तो बोलका नव्हता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. संध्याकाळी जिना चढून वरच्या खोलीत यायचं, हेडफोन लावायचा आणि लोकांचे आवाज स्वच्छ करत बसायचं. त्याचं जगणं म्हणजे एवढंच. धाकटी बहीण फोनवर म्हणायची, "दादा, अरे माणसांत जा जरा." तो म्हणायचा, "माणसंच तर ऐकत असतो." त्यावर ती कपाळाला हात लावत असणार, पण फोनवर ते दिसायची सोय नव्हती.

गट होता पुस्तकं वाचून दाखवणाऱ्यांचा. कुणाला डोळ्यांनी दिसत नाही, कुणाचे हात दिवसभर कामात गुंतलेले, कुणी अंथरुणाला खिळलेलं. अशांसाठी ही मंडळी आपापल्या घरी बसून पुस्तकं मोठ्यानं वाचत आणि रेकॉर्ड करून पाठवत. वाचलेलं प्रकरण आधी साफ करणाऱ्याकडे जाई. खुर्चीची करकर, शेजाऱ्यांचं भांडण, खाकरणं, पान उलटल्याचा आवाज आणि मुख्य म्हणजे श्वास, हे सगळं त्यानं कापून काढायचं. मग ते ऐकणाऱ्यांपर्यंत पोचे. कारभार सगळा ग्रंथपालांच्या हाती. ते एकेकाळी खरोखरच ग्रंथपाल होते, आणि निवृत्त होऊनही 'शांतता राखा'ची पाटी त्यांच्या चेहऱ्यावरून काही उतरली नव्हती. त्यांचा पहिला नियम असा, की ऐकणाऱ्याला पुस्तक ऐकू यावं, वाचणारा ऐकू येता कामा नये. दुसरा नियम, वाचणाऱ्यानं आणि साफ करणाऱ्यानं एकमेकांशी परस्पर बोलायचं नाही, जे काय ते ग्रंथपालांमार्फत. पूर्वी कुणीतरी कुणाच्या तरी उच्चारांना नावं ठेवली होती आणि गट फुटायची वेळ आली होती. तेव्हापासून ग्रंथपालांनी कानाला खडा लावला होता.

कात्रीकडे बाईंची पुस्तकं यायची. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. सगळा जन्म वर्गात बोलण्यात घालवला आणि आता घरी एकट्या, एवढंच गटाला माहीत. कात्रीनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता, पण त्यांचा श्वास त्याला तोंडपाठ होता. लांबलचक वाक्य समोर दिसलं की त्या आधीच भरपूर श्वास घेऊन ठेवत, गावाला निघालेलं माणूस पाण्याची बाटली भरून घेतं तसं. स्वल्पविरामाला नाकानं, पूर्णविरामाला तोंडानं. पडद्यावर आवाजाच्या रेघा सरकत, आणि दोन शब्दांच्या मधला लहानसा फुगवटा म्हणजे श्वास. तो पकडायचा आणि पुसायचा. वर्षानुवर्षं तो हेच करत आला होता. काम झालं की मूळ रेकॉर्डिंग रविवारी सकाळी काढून टाकायचं, कारण जागा भरते आणि ग्रंथपाल ओरडतात.

मग कधीतरी फुगवटे वाढायला लागले. आधी पूर्णविरामाला होते ते स्वल्पविरामाला आले, मग जिथं कसलंच चिन्ह नाही तिथंही आले. एका वाक्याची दोन वाक्यं व्हायला लागली, दोनाची चार. पाठीमागं घुर्र असा एक बारीक आवाज सुरू झाला, आणि मधेमधे फुस्. कात्रीला वाटलं, नवा पंखा असेल. त्यानं तोही काढला.

तो पंखा नव्हता हे त्याला दुकानात कळलं. एक म्हातारे गृहस्थ चष्मा सैल झाला म्हणून आले. नाकाशी नळी, नळी दोन्ही कानांवरून मागं गेलेली, आणि सुनेच्या खांद्याला एक पेटी. नळीमुळं चष्म्याच्या काड्या कानावर बसत नव्हत्या. कात्री काड्या गरम करून वाकवत होता, आणि ती पेटी त्याच्या कोपराशी घुर्र करत होती. मधेच फुस्. त्याचा हात थांबला.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"ऑक्सिजन," सून म्हणाली. "हे काढलं की जिन्यापर्यंतसुद्धा पोचत नाहीत हो."

"बरे होतील ना?"

तिनं सासऱ्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वाढत जातं म्हणे. कमी होत नाही."

म्हाताऱ्यांनी चष्मा घालून आरशात पाहिलं आणि मान डोलावली. काड्या उत्तम बसल्या होत्या. कात्री मात्र अजून त्या पेटीकडेच पाहत होता.

आता यानं करायला काय हवं होतं? कुणालाही विचारा, कुणीही सांगेल. ग्रंथपालांना कळवायचं, की बाईंची तब्येत बरी दिसत नाही, चौकशी करा. पण हे गृहस्थ पडले कात्री. त्यांना एकच उपाय ठाऊक. तो आणखी बारीक कापायला लागला. तुटलेली वाक्यं त्यानं अशी सांधली की जोड कुठं आहे ते त्याला स्वतःलाही दुसऱ्या दिवशी सापडेना. एखादा शब्द दमून अर्धाच आला, तर मागच्या प्रकरणातून तोच शब्द धडधाकट आणून तिथं बसवला. एकेका प्रकरणानं त्याच्या नाकी नऊ आणले. गटात लोक लिहीत, 'बाई, काय तो आवाज! कुठं थकवा नाही, कुठं अडखळणं नाही.' हे वाचून बाईंऐवजी ह्याच्याच अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्यात चांगुलपणा होता, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर भीती जास्त होती. नियम म्हणजे नियम. ग्रंथपालांच्या कानावर तो श्वास एकदा पडला असता, तर त्यांनी हळहळून, अगदी सभ्य शब्दांत बाईंचं वाचन थांबवलं असतं. मग संध्याकाळी वरच्या खोलीत ऐकायला काय उरलं असतं? समोरच्या इमारतीतलं दार आपटणं. बाईंचा आवाज ही त्याच्या घरातली एकुलती एक वर्दळ होती, आणि ती जाऊ नये म्हणून तो जिवाचं रान करत होता.

एका सकाळी बाईंनी गटावर लिहिलं. बाईंचं लिहिणं शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं, नीटनेटकं.

'नमस्कार. माझी फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली आहेत. या आजारावर औषध आहे, पण बरं करणारं नाही. हे बरीच वर्षं चालू आहे. आता दिवसभर ऑक्सिजन लावावा लागतो. हातातलं पुस्तक शेवटपर्यंत वाचता येईलसं वाटत नाही. उरलेली प्रकरणं कृपया दुसऱ्या कुणाला द्यावीत. आजवर ऐकलंत, आभार.'

आधी हात जोडलेली चित्रं आली, मग फुलं आली, मग हृदयं आली. एकानं काढा सांगितला, एकीनं उजव्या कुशीवर झोपायला सांगितलं. इथपर्यंत ठीक होतं. पण मग एका बसड्रायव्हरनं लिहिलं, आणि तो बाईंचा सगळ्यांत जुना, सगळ्यांत प्रेमळ श्रोता. 'बाई, कालचंच प्रकरण मी ऐकलं. एवढी मोठी वाक्यं तुम्ही एका दमात म्हटलीत. माझा दम तेवढा नाही. घाबरू नका. डॉक्टर लोक उगीच घाबरवतात.' त्याला अंगठे मिळाले. दुसरीनं लिहिलं, 'मलाही तसंच वाटलं. आवाज तर दिवसेंदिवस खुलतोय.' आणखी कुणी लिहिलं, 'एकटं राहिलं की मन खातं. वाचन सोडू नका, तेच तुमचं औषध.' शेवटी ग्रंथपाल. 'बाई, आमचे कान खोटं बोलत नाहीत. तुम्ही स्वतःला कमी लेखता आहात. उरलेलं पुस्तक तुम्हीच पूर्ण करणार, हा गटाचा हट्ट समजा.'

कुणाच्या मनात पाप नव्हतं. सगळे बाईंना उभारी देत होते, आणि देता देता खोटं पाडत होते. बऱ्याच वेळानं बाईंचं एक वाक्य आलं. 'तुम्ही म्हणता तसंही असेल.' त्यानंतर काही नाही.

कात्री काचा घासता घासता हे वाचत होता. एका काचेच्या कडेचा टवका उडाला. मालक म्हणाला, "लक्ष कुठं आहे?" कात्रीनं दुसरी काच उचलली. बाईंना खोटं पाडणारा पुरावा त्यानं स्वतःच्या हातांनी केला होता, तोही डोळ्यांत तेल घालून. खरा पुरावा वर खोलीत होता. रविवार उजाडायचा होता, म्हणून शेवटच्या प्रकरणाचं मूळ रेकॉर्डिंग अजून जागच्या जागी होतं. ते गटावर टाकलं की सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण एखाद्याचं धापा टाकणं त्याला न विचारता चारचौघांत मांडायचं कसं?

संध्याकाळी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ग्रंथपालांचा नियम मोडला. बाईंच्या नंबरवर लिहिलं, 'मी कात्री. तुमचे श्वास मी कापतो. मला माहीत होतं. माफ करा.' पाठवलं, आणि चोरी केल्यासारखा फोन उलटा ठेवला.

उत्तर लिहिलेलं आलं नाही. बाईंनी आवाज पाठवला होता. मधे मोठमोठ्या जागा, घुर्र, फुस्, आणि त्यातून वाट काढत शब्द.

"म्हणजे तुम्ही... ते. मी माझंच पुस्तक ऐकते ना... तेव्हा मला वाटतं, ही कोण... ठणठणीत बाई? हिला काय धाड भरलीय?" हसण्याचा प्रयत्न, मग खोकला, मग बराच वेळ नुसतं मशीन. "अहो, मला रेकॉर्डिंग थांबवता येतं. दम लागला की बटण दाबायचं... दम खायचा, परत सुरू. मी मुद्दाम नाही थांबवायची. वाटायचं... कुणीतरी ऐकेल. स्वतःहून सांगायचं जिवावर येतं. घरात... कुणी नाही ऐकायला. म्हटलं, ऐकणारा कुणीतरी असेलच... तो विचारेल."

कात्रीनं ते पुन्हा ऐकलं. त्याला रडू आलं, आणि कुणी बघणारं नसल्यामुळं त्यानं ते आवरलं नाही. इतके दिवस ती बाई दारावर थापा मारत होती आणि हा आतून थापांचा आवाज पुसत बसला होता.

त्यानं लिहिलं, 'मूळ रेकॉर्डिंग आहे. गटावर टाकू का?'

'टाका,' उत्तर आलं. 'वर काही लिहू नका. नुसतं टाका.'

त्यानं नुसतं टाकलं.

गट दुसरा दिवसभर गप्प होता. ऐकायलाच तेवढा वेळ लागत होता. मग ड्रायव्हरनं लिहिलं, 'बाई, मी चुकलो. बस डेपोत लावून ऐकलं. पुरतं ऐकवलं नाही.' ग्रंथपालांनी कात्रीला वेगळा फोन केला.

"नियम मोडलात तुम्ही."

"हो."

"मला आधी सांगायचंत." मग त्यांचा आवाज उतरला. "आमचे कान खोटं बोलत नाहीत, असं मी लिहिलं हो त्या बाईंना. शोभलं का मला?"

मग मात्र मदतीचा महापूर आला. काम वाटून घेतलं गेलं. रोज सकाळी कोण विचारपूस करणार, औषधं कोण पोचवणार, डॉक्टर कोण शोधणार. खरंच चांगली माणसं होती ती. बाईंनी काही लिहिलं, की लगेच कुणीतरी म्हणे, 'बोलू नका बाई, आराम करा.' उरलेलं पुस्तक एका तरुण, मोकळ्या आवाजाच्या मुलीला दिलं गेलं. तिनं ते छान वाचलं आणि बाईंना अर्पण केलं. बाईंनी सगळ्यांचे आभार मानले. हळूहळू त्यांचं लिहिणं एक अंगठा दाखवण्यापुरतं उरलं. बरं आहे का? अंगठा. औषध घेतलं का? अंगठा.

आणि एका संध्याकाळी त्यांनी कात्रीला सरळ फोनच लावला. त्यानं घाईघाईनं हेडफोन काढला, परत घातला, शेवटी फोन कानाला लावला.

"कात्री? मोकळे आहात ना?"

"आहे. तुम्ही बोलू नका, त्रास—"

"तुम्हीसुद्धा?" बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा चढला आणि तिथंच मोडला. दम खाऊन त्या पुन्हा आल्या. "आधी त्यांना... मी आजारी वाटत नव्हते. आता दुसरं काही... वाटतच नाही. दिवसभर ऑक्सिजन किती, खोकला किती. अहो, माझ्याशी कुणी पुस्तकाबद्दल... बोलत नाही."

"हं," कात्री म्हणाला.

"म्हणून तुम्हाला केला. तुम्ही तर अक्षरन् अक्षर... ऐकलंय. तुम्ही सांगा. धाकट्यानं होडी जाळली... ते बरोबर केलं का?"

"कोण धाकटा?"

तिकडे नुसतं मशीन चालू राहिलं.

"पुस्तकातला," बाई म्हणाल्या. "थोरला पूल बांधतो. धाकट्याचं... होडी चालवायचं काम जातं. अख्खं पुस्तक तेच आहे."

थाप मारावी असं क्षणभर कात्रीच्या मनात आलं. जाळली ते बरोबरच केलं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण ह्या बाईसमोर आता आणखी काही झाकायचं त्याच्या जिवावर आलं.

"बाई, मी पुस्तक ऐकलेलं नाही. एकही नाही."

"काय सांगता?"

"शब्द आले की माझं लक्ष उडतं. शब्दांत माझं काही काम नसतं. मी मधलं ऐकतो."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही... नुसता माझा श्वास ऐकलात?"

"हो."

बाई हसायला लागल्या. हसू खोकल्यात गेलं, खोकला लांबला, आणि कात्री फोन घट्ट धरून उभा राहिला. त्याला घाबरायला झालं होतं. "अरे देवा," त्या शेवटी म्हणाल्या. "मग आता मी... कुणाशी बोलू हो?"

असं कुणी त्याला कधी विचारलं नव्हतं. "ऐकतो मी," तो म्हणाला. "आजच ऐकतो पहिल्यापासून. मग बोलू."

फोन ठेवून त्यानं पहिलं प्रकरण लावलं. त्यानंच साफ केलेलं, गटानं वाखाणलेलं. एक बाई सुरेख, ठणठणीत आवाजात नदीबद्दल काहीतरी सांगत होती. तो कान देऊन बसला. वाक्यामागून वाक्य येत होतं, आणि मधे काहीच नव्हतं. कुठं त्या दम भरून घेत होत्या, कुठं त्यांना वाक्य आवडून त्या रेंगाळत होत्या, काही म्हणून काही राहिलं नव्हतं. इतक्या सफाईनं त्यानं त्यांना काढून टाकलं होतं. मूळ रेकॉर्डिंगं रविवारच्या रविवारी गेली होती. दोन पानांच्या पुढं त्याला ऐकवेना. त्या खोलीत इतकं एकटं त्याला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून वर आल्या आल्या त्यानं फोन लावला.

"बाई, ते मला नाही ऐकवत. त्यात तुम्ही नाही."

"मग आता?"

"तुम्ही वाचा. मला. जमेल तेवढं."

"रेकॉर्ड करून पाठवू?"

"नको. असंच. फोनवर."

तिकडे हालचाल झाली, खुर्ची करकरली, पान उलटलं. बाईंनी पहिलं वाक्य सुरू केलं. ते मधेच थांबलं. कात्रीचा उजवा हात सवयीनं टेबलावर पुढं गेला, आणि तिथं कापायला काही नव्हतं. थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुसऱ्याला श्वास मिळेपर्यंत थांबणं किती अवघड असतं हे त्याला आत्ता कळत होतं. त्याचीच छाती भरून येत होती. मग श्वास आला आणि त्याच्यामागून वाक्याचा उरलेला भाग आला. नदीला पाणी चढलं होतं आणि दोन भाऊ काठावर उभे होते. कात्रीनं पहिल्यांदा त्या दोघांना पाहिलं.

पान पुरं झालं नाही. बाई थकल्या.

"पुस्तक जाड आहे हो," त्या म्हणाल्या. "अशा चालीनं... माझ्याच्यानं काही पुरं होत नाही. शेवटी काय होतं ते... आत्ताच सांगून टाकू का?"

कात्रीला त्या काय म्हणताहेत ते नीट समजलं.

"नको," तो म्हणाला. "सांगू नका. उद्या वाचा पुढं."

"बरं," बाई म्हणाल्या. "उद्या."

आधी फोन कुणी ठेवायचा ते दोघांनाही उमजेना, म्हणून ते बराच वेळ तसेच राहिले. बाई श्वास घेत होत्या आणि तो ऐकत होता.